उघड्या खतावणीतला खासगी सौदा

धागा : दोन माणसांमधला पैशाचा व्यवहार तिसऱ्याला दिसू नये, ही अपेक्षा नाण्यांइतकीच जुनी आहे. डिजिटल नाण्यांनी ती मोडली आणि नंतर तीच अपेक्षा पूर्ण करण्यासाठी चार दशके बुद्धी खर्च झाली. या इतिहासात एक सोपी गोष्ट वारंवार विसरली गेली : व्यवहार बाजारापासून झाकणे आणि व्यवहार न्यायालयापासून लपवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९८२ साली हा भेद ज्याला कळला होता, त्याची कंपनी बुडाली. ज्यांना कळला नाही, त्यांनी आजचे वाद जन्माला घातले.

सुरुवात एका व्यवहारापासून. १२ जानेवारी २००९ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाच्या निर्मात्याने हाल फिनी या अमेरिकी संगणकतज्ज्ञांना १० बिटकॉइन पाठवले. दोन व्यक्तींमधला हा बिटकॉइनचा पहिला व्यवहार. १७० क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये त्याची नोंद आहे आणि जगातील कोणीही ती आज, या क्षणी, उघडून वाचू शकतो. रक्कम, वेळ, देणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता : सारे काही.

फिनी हे बिटकॉइनच्या आरंभीच्या धारकांपैकी एक आहेत, हे पुढे सर्वांना ठाऊक झाले. २०१४ साली, स्नायूंची शक्ती हिरावून घेणाऱ्या असाध्य विकाराने ते अंथरुणाला खिळलेले असताना, एका अज्ञात खंडणीखोराने त्यांच्या कुटुंबाकडे १००० बिटकॉइनची मागणी केली. बरीचशी नाणी तोवर औषधोपचारांत संपली होती. खंडणीखोराने खोटा फोन करून सशस्त्र पोलीस त्यांच्या घरावर धाडले आणि त्या मरणासन्न रुग्णाला घराबाहेरच्या हिरवळीवर ताटकळावे लागले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिनी वारले. ‘लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कशाला?’ असे विचारणाऱ्यांनी हा प्रसंग एकदा नजरेखालून घालावा.

रोख पैशाला हा प्रश्न कधी पडलाच नाही. भाजीवालीला दिलेली नोट आधी कोणाच्या खिशात होती, हे तिला कळत नाही आणि कळण्याचे कारणही नसते. मोठ्या रकमांसाठी भारतात हुंडी होती. उत्तरेतून पुण्याला येणारा पेशवाईतील पैसा पुष्कळदा हुंडीच्या वाटेने येई. हुंडीची नोंद व्हायची, पण ती सावकारांच्या चोपड्यांत; चावडीवर टांगलेली नसे.

या हुंडीतला शहाजोग हा प्रकार येथे मुद्दाम लक्षात ठेवावा. शहाजोग हुंडीचे पैसे कोणाही आगंतुकाला मिळत नसत. बाजारात पत असलेल्या ‘शहा’च्या हातीच ती वटे. हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली, तर जबाबदारी त्या शहावर येई आणि त्याला पैसे परत करावे लागत. म्हणजे व्यवहार बाजारात बोभाटा न होता पार पडे, आणि वाद उद्भवला तर माग काढता येई. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमानेही देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रूढींना आपल्या कलमांपासून अभय दिले. गुप्तता आणि उत्तरदायित्व एकाच कागदावर नांदू शकतात, हे त्या बाजारपेठेला कोणी शिकवावे लागले नव्हते.

डिजिटल पैशात हे कसे आणायचे, याचे पहिले नेमके उत्तर डेव्हिड चॉम या अमेरिकी कूटशास्त्रज्ञाने १९८२ साली दिले. त्याची ‘आंधळी सही’ ही कल्पना समजावण्यासाठी त्याने स्वतःच कार्बन पेपरचा दृष्टान्त वापरला होता. एक चिठ्ठी कार्बन पेपर असलेल्या पाकिटात घालून बंद करायची. बँकेने पाकिटावर बाहेरून सही करायची. ती आतल्या चिठ्ठीवर उमटते. पाकीट फोडले की बँकेची सही असलेली चिठ्ठी हाती येते, परंतु ती चिठ्ठी बँकेने कधी पाहिलेलीच नसते. ही चिठ्ठी म्हणजे डिजिटल नोट. दुकानदार ती बँकेत भरतो तेव्हा सही आपलीच आहे, एवढे बँकेला कळते. नोट कोणाला दिली होती, हे मात्र कळत नाही.

या कल्पनेतील गणिताचे कौतुक पुष्कळ झाले; तिच्यातील विवेकाचे फारसे झाले नाही. कोणी, कधी, कोणाला, किती पैसे दिले हे तिऱ्हाइताला कळू नये, एवढेच मागून चॉम थांबला नव्हता. त्याच यादीत पुढे दोन अटी होत्या. पैसे दिल्याचा पुरावा देणाऱ्यापाशी असावा आणि अपवादात्मक परिस्थितीत त्याला घेणाऱ्याची ओळख पटवता यावी, ही एक. चोरीला गेलेल्या पैशाचा वापर थांबवता यावा, ही दुसरी. देणारा झाकलेला आणि घेणारा बँकेला दिसणारा, अशी ही एकतर्फी गुप्तता होती. लाच घेणाऱ्याला किंवा खंडणी उकळणाऱ्याला अशा पैशाचा उपयोग बेताचाच. शहाजोग हुंडीशी चॉमचा परिचय असल्याचे कोठे दिसत नाही, पण दोघांचा कल एकच आहे.

चॉमने १९९० च्या सुमारास ॲम्स्टरडॅमला डिजिकॅश ही कंपनी काढली. १९९५ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईसच्या मार्क ट्वेन बँकेने तिचे ई-कॅश ग्राहकांना देऊन पाहिले. ग्राहक जमले नाहीत, दुकानदार जमले नाहीत. क्रेडिट कार्ड लोकांना पुरेसे वाटले. १९९८ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. एक मोठी उणीव खरीच होती : सारा डोलारा एका बँकेवर उभा होता. बँक गेली की नाणे गेले.

नाकामोतोने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध केलेल्या निबंधात नेमकी हीच उणीव भरून काढली. बँक नको, म्हणून खतावणीच सर्वांच्या हाती दिली. एकच नाणे दोनदा खर्च होत नाही ना, हे आता सर्वांनी मिळून तपासायचे, आणि तपासायचे तर सर्वांना सर्व दिसले पाहिजे. खासगीपणासाठी त्या निबंधात एक छोटेसे प्रकरण आहे. प्रत्येक व्यवहाराला नवा पत्ता वापरावा, असा सल्ला त्यात आहे. आणि एकाच व्यवहारात अनेक पत्त्यांवरची नाणी एकत्र खर्च केली, तर ते सारे पत्ते एकाच मालकाचे असल्याचे उघड होते, अशी कबुलीही आहे. निर्मात्याने स्वतः लिहून ठेवलेली ही मर्यादा पुढे दशकभर लोक ‘बिटकॉइन निनावी असतो’ असे म्हणत विसरून गेले.

संशोधक मात्र विसरले नाहीत. २०११ मध्ये डब्लिनच्या फर्गल रीड आणि मार्टिन हॅरिगन यांनी पत्त्यांचे जाळे उलगडून दाखवले. २०१३ मध्ये सारा मायकलजॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात अधिक साधी युक्ती केली : स्वतःच निरनिराळ्या सेवांशी बिटकॉइनचे व्यवहार केले आणि कोणता पत्ता कोणाचा, याच्या खुणा गोळा केल्या. एका पत्त्याला नाव चिकटले की त्याच्याशी जोडलेले इतर पत्तेही उजेडात येत. टोपणनाव आणि निनावीपण यांतील फरक तेव्हा जगाला कळला.

या उघड्या खतावणीचे ऋणही मान्य केले पाहिजे. सिल्क रोड या अवैध बाजाराच्या तपासातील दोन अमेरिकी सरकारी अधिकाऱ्यांनीच तपासादरम्यान बिटकॉइन लाटले होते. २०१५ मध्ये ते पकडले गेले, त्यात या नोंदींचा मोठा वाटा होता. २०१६ मध्ये बिटफिनेक्स या विनिमय केंद्रातून सुमारे १,२०,००० बिटकॉइन चोरीस गेले. सहा वर्षांनी त्यांतील बहुतेक अमेरिकी सरकारने माग काढून जप्त केले. खतावणी बंद असती तर हे घडले नसते. पण त्याच खतावणीतून चोरालाही कोणाकडे किती आहे ते दिसते. तपासयंत्रणेसाठी उघडलेले दार दरोडेखोराला बंद राहत नाही. या युक्तिवादाला समाधानकारक उत्तर पारदर्शकतेच्या पुरस्कर्त्यांनी अजून दिलेले नाही.

आता मूळ विषय : दोघांमधला विनिमय. कूटशास्त्रात या दोघांची नावे ठरलेली आहेत, ॲलिस आणि बॉब. रिव्हेस्ट, शामीर आणि ॲडलमन यांच्या १९७८ च्या प्रसिद्ध निबंधात ती प्रथम आली आणि मग कायमची राहिली. समजा, ॲलिसकडे बिटकॉइन आहेत, बॉबकडे लाइटकॉइन. दोघांना अदलाबदल हवी आहे, पण आधी द्यायचे कोणी? एकाने दिले आणि दुसरा पळाला तर?

मे २०१३ मध्ये टियरनोलन या टोपणनावाने लिहिणाऱ्याने यावर तोडगा मांडला. ॲलिस एक गुपित आकडा निवडते आणि त्याचा ‘हॅश’ काढते. हॅश म्हणजे मजकुराचा ठसा. मजकुरावरून ठसा क्षणात निघतो, ठशावरून मजकूर शोधणे व्यवहारतः अशक्य. ॲलिस आपले बिटकॉइन अशा कुलपात ठेवते की गुपित दाखवील तर बॉबने ते घ्यावेत. ठरावीक मुदतीत तसे झाले नाही तर ते ॲलिसकडे परत यावेत. बॉब त्याच ठशाचे कुलूप आपल्या लाइटकॉइनना लावतो. ॲलिस गुपित उघड करून लाइटकॉइन उचलते, त्याच क्षणी गुपित बॉबला दिसते, आणि तो बिटकॉइन उचलतो. ॲलिसच्या कुलपाची मुदत लांब, बॉबच्याची आखूड; उलट असते तर ॲलिसने शेवटच्या घटकेला बॉबचे नाणे उचलून आपलेही परत घेतले असते. सौदा एक तर पुरता होतो, नाही तर होतच नाही. मध्यस्थ नाही, आणि विश्वासही लागत नाही.

फक्त एक गोष्ट राहिली. दोन्ही खतावण्यांत तोच ठसा उमटतो. ज्याला दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचता येतात, त्याला सौद्याच्या दोन्ही बाजू जुळवायला वेळ लागत नाही. फसवणुकीपासून संरक्षण मिळाले. नजरेपासून मिळाले नाही.

२०१३ च्या ऑगस्टमध्ये ग्रेगरी मॅक्सवेल या बिटकॉइनच्या विकासकाने कॉइनजॉइन सुचवले. अनेकांनी आपली देणी एकाच मोठ्या व्यवहारात मिसळायची, म्हणजे कोणाचे नाणे कोणाकडे गेले ते सांगता येत नाही. गर्दीत हरवण्याचा हा उपाय प्रभावी होता, पण सारख्या रकमांची ती रांग खतावणीत लांबूनही ओळखू येई. बुरखा घातलेला माणूस कोण आहे हे कळत नाही. बुरखा घातला आहे, हे मात्र सर्वांना कळते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मॅक्सवेलने मांडलेली कॉइनस्वॅपची कल्पना अधिक सूक्ष्म आहे, आणि या साऱ्या इतिहासातील सर्वांत देखणी. ॲलिस आपले बिटकॉइन बॉबला देते आणि बॉबचे तेवढेच बिटकॉइन घेते. प्रथम ऐकताना हे हास्यास्पद वाटते. तेच नाणे तेवढ्याच नाण्यासाठी? परंतु नाणे बदलत नसले तरी त्याच्यामागचा इतिहास बदलतो. ॲलिसच्या हाती आता बॉबच्या नाण्यांचा भूतकाळ आहे आणि बॉबच्या हाती तिचा.

कुलपे येथेही आहेत, पण ती केवळ धाक म्हणून. दोघेही नाणी संयुक्त ताब्यात ठेवतात. ती हलवायला दोघांच्या सह्या लागतात. गुपित ॲलिस बॉबला खासगीत सांगते. आता फसवण्याने कोणाचाच लाभ नाही, म्हणून दोघे सरळ सह्या करून नाणी एकमेकांना सोडतात. हॅशचे कुलूप खतावणीत उमटतच नाही. ते उमटते फक्त कोणी दगा दिला तर. बाहेरच्याला दिसतात दोन स्वतंत्र, परस्परांशी संबंध नसलेले व्यवहार.

एक खूण तरीही उरत होती. दोन सह्यांचा व्यवहार एका सहीच्या व्यवहाराहून त्या काळी वेगळा दिसे. क्लाउस श्नॉर या जर्मन गणितज्ञाची सहीपद्धत ही अडचण दूर करू शकत होती, कारण तिच्यात अनेकांच्या सह्या मिळून एकच सही बनते. परंतु तिच्यावर पेटंट होते आणि ते २००८ मध्ये संपले, अगदी बिटकॉइनचा निबंध आला त्या वर्षी. २०१७ च्या सुमारास अँड्र्यू पोएल्स्ट्रा यांनी या सह्यांच्या आत गुपित दडवण्याची रीत दाखवली, ज्यामुळे समान ठशाची गरजच उरत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘टॅपरूट’ सुधारणेबरोबर श्नॉर सह्या बिटकॉइनमध्ये आल्या. दरम्यान २०२० मध्ये ख्रिस बेल्चर यांनी कॉइनस्वॅप प्रत्यक्षात आणण्याचा सविस्तर आराखडा मांडला होता.

त्या आराखड्यातील काळज्या वाचण्यासारख्या आहेत, कारण खासगीपणा किती नाजूक असतो ते त्यांतून कळते. समजा, ॲलिसने १५ बिटकॉइन दिले आणि थोड्या वेळाने कोठेतरी तेवढेच १५ हलले. रकमेवरूनच जोडी जुळते. म्हणून रक्कम तुकड्यांत घ्यावी : कोठे ७, कोठे ५, कोठे ३. दुसरी काळजी अधिक गमतीची. जगापासून व्यवहार झाकला, पण बॉबला तर सारे ठाऊक आहे. तोच हेर असेल तर? म्हणून एका बॉबऐवजी अनेकांची साखळी, ज्यात प्रत्येकाला फक्त आपल्या शेजारचा दुवा कळतो.

तिसरी अडचण गणिताने सुटत नाही. बॉबचा भूतकाळ घ्यायचा म्हणजे त्याचे पापही पदरात घ्यायचे. बॉबची नाणी चोरीची असतील, तर उद्या विनिमय केंद्र ॲलिसचे खाते गोठवील. शहाजोग हुंडीत यासाठी ‘शहा’ होता. येथे तो नाही, आणि ही उणीव खासगीपणाचे पुरस्कर्ते सहसा आवाज खाली आणून सांगतात.

राज्यसंस्थेने यावर उचललेले पाऊल मात्र आंधळे होते. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकी वित्त विभागाने इथेरियमवरील टोर्नेडो कॅश या मिश्रण-प्रणालीवर निर्बंध घातले. कारण खोटे नव्हते. उत्तर कोरियाशी जोडल्या गेलेल्या हॅकरांनी चोरीचा प्रचंड पैसा त्यातून फिरवला होता. पण निर्बंध माणसावर किंवा संस्थेवर नव्हे, तर कोणालाही बदलता न येणाऱ्या प्रणालीवरही होते. त्याच सुमारास इथेरियमचे निर्माते विटालिक ब्युटेरिन यांनी जाहीर केले की युक्रेनला देणगी देण्यासाठी आपण हीच प्रणाली वापरली होती, आणि हेतू स्वतःला नव्हे तर घेणाऱ्यांना झाकण्याचा होता. युद्धाच्या काळात मदत कोणाला पोहोचते हे शत्रूला दिसू नये, याहून न्याय्य कारण कोणते असेल?

नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने ठरवले की कोणाच्याच मालकीची नसलेली अशी प्रणाली ही ‘मालमत्ता’ नव्हे आणि तिच्यावर निर्बंध घालण्याचा अधिकार विभागाला नाही. मार्च २०२५ मध्ये निर्बंध उठले. घडवणाऱ्यांची सुटका मात्र झाली नाही : एका विकासकाला डच न्यायालयाने मे २०२४ मध्ये ६४ महिन्यांची शिक्षा सुनावली, दुसऱ्याला ऑगस्ट २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूरीने विनापरवाना पैसे वाहून नेण्याच्या कटाबद्दल दोषी ठरवले, तर उरलेल्या आरोपांवर तिचे एकमत झाले नाही. कायद्यालाच अजून कळलेले नाही की तो कुलूप बनवणाऱ्याला शिक्षा करतो आहे की चोराला.

या गोंधळात दोन्ही पक्षांची चूक सारखीच आहे. सरकार समजते की झाकलेला प्रत्येक व्यवहार न्यायालयापासून पळालेला आहे. काही उत्साही विकासक समजतात की न्यायालयापासून पळणे हेच खासगीपणाचे शिखर आहे. कॉइनस्वॅपचे तंत्र नीट पाहिले तर ते या दोघांनाही खोटे पाडते. त्यात ॲलिसकडे आणि बॉबकडे आपापल्या सौद्याचा संपूर्ण पुरावा असतो : सह्या, गुपित, दोन्ही व्यवहार. शेजाऱ्याला, प्रतिस्पर्धी व्यापाऱ्याला, खंडणीखोराला काही दिसत नाही. पण न्यायाधीशाने विचारले तर दोघांपैकी कोणीही वही उघडू शकतो. चॉमने मागितलेला पुरावा हाच. अट एवढीच की ती वही उघडण्याची मागणी ठरावीक व्यक्तीकडे, ठरावीक कारणाने, कायद्याच्या मार्गाने व्हावी. सर्वांची वही सर्वकाळ उघडी ठेवून नव्हे. ऑगस्ट २०१७ मध्ये पुट्टास्वामी खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानताना त्यावरच्या बंधनांना कायद्याचा आधार आणि प्रमाणबद्धता यांच्या कसोट्या लावल्या, त्या येथेही जशाच्या तशा लागू पडतात.

भारतात विनिमय केंद्रांना मार्च २०२३ पासून मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली ग्राहकांची ओळख पटवावी लागते. मध्यस्थाविना दोघांनी थेट अदलाबदल केली तर काय, याचे उत्तर त्याआधीच, जून २०२२ च्या प्रत्यक्ष कर मंडळाच्या परिपत्रकात आलेले आहे. एका आभासी मालमत्तेच्या बदल्यात दुसरी दिली, तर दोघेही खरेदीदार आणि दोघेही विक्रेते मानले जातात. दोघांनी आपापल्या वाट्याचा १ टक्का कर भरायचा, भरल्याचा पुरावा एकमेकांना दाखवायचा आणि मगच नाणी द्यायची. कराची नोंद सरकारला या दोघांकडूनच मिळते. त्यासाठी सौदा उघड्या खतावणीत कोणाला वाचता यावा, असे त्या परिपत्रकात कोठेही म्हटलेले नाही.